पापुद्रे पांढरे दिसले म्हणून अळमी खाऊ नका (क्लोरोफायलम प्रजाती, तिचं वर्गीकरण आणि गोव्यातला पावसाळा)

रानमाती:

पाऊस लागला आणि फॅमिली ग्रुपवर परत अळम्यांचे, म्हणजे रानटी अळंबीचे, फोटो यायला लागले, मोठ्ठी पांढरी छत्री, मधोमध तपकिरी ठिपका, बाजूला तपकिरी खवले, लॉनमधे ओळीने उभी, आणि खाली मेसेज की "दारातच अळमी आलीत, तोणाक (रस्सा) करूया काय?" दरवर्षी हेच होतं आणि दरवर्षी घाईघाईत "थांबा, नको" एवढंच लिहून होतं, कारण चार ओळींत हे सांगता येत नाही. म्हणून नीट धागाच काढतोय. लांबलचक होणार आहे पण वाचा आणि घरी जे कोण अळमी काढतात, विकत आणतात, शिजवतात त्यांना वाचून दाखवा.

त्या फोटोंत बहुतेक वेळा असतं ते क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस. क्लोरोफायलम ही प्रजाती (जीनस), मॉलिब्डायटीस ही त्यातली जाती (स्पीशीज), आणि कुल अगॅरिकेसी, म्हणजे पाकिटातलं बटण मशरूम ज्या कुलातलं त्याच कुलातलं. कोवळं असताना अंड्यासारखं गोल, मग घंटेसारखं, मग छत्री सपाट होते आणि वीतभर तर सहज भरते, कधी तीस सेंटिमीटरपर्यंत जाते. दांडा गुळगुळीत, त्यावर जाडसर कडं, हलक्या हाताने धरलं तर वरखाली सरकतं. छत्रीखाली जे उभे पातळ पापुद्रे असतात ते सुरुवातीला पांढरेशुभ्र असतात आणि आतले बीजाणू पिकत जातात तसे राखाडी हिरवट आणि शेवटी शेवाळी हिरवे होतात. गवत, फुटबॉलचं ग्राउंड, शेणखत टाकलेली बाग, मातीत कुजकं भरपूर असेल तिथे येतं. कुजलेल्यावरच जगतं, त्याला ना वाळवी लागते ना झाडाची मुळं.

खाल्लं तर अर्ध्या तासापासून तीनेक तासांत पोटात मुरडा येतो, मग उलट्या, जुलाब, कधी रक्तासकट. धडधाकट माणूस बहुतेक एकदोन दिवसांत सावरतो पण लहान पोर किंवा म्हातारं माणूस असलं तर अंगातलं पाणी इतकं जातं की जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत रानटी अळंबी खाऊन जे आजारी पडतात त्यात सगळ्यात जास्त वेळा नाव ह्याचंच येतं. २०१२ मधे जपानी संशोधकांनी ह्यातून मॉलिब्डोफायलिसिन नावाचं विषारी प्रथिन वेगळं काढून दाखवलं. कोणीतरी म्हणतंच की आमच्या शेजाऱ्याने खाल्लं आणि काही झालं नाही, तर हो, काहींना होत नाही, पण त्याच पातेल्यातलं दुसऱ्याला आडवं करतं हेही तितकंच खरं.

आता आपल्याकडेच हा धोका जास्त का, तर आपली रोयणीची, म्हणजे वाळवीच्या वारुळावरची, अळमी. गोव्यात पावसाळ्यात माणसं ज्या अळम्यांसाठी वाट्टेल तो भाव देतात ती टर्मिटोमायसिस प्रजातीतली, वाळवी तिच्या घरात ज्या बुरशीची शेती करते तिचीच फळं. तीही पांढरी, तीही छत्रीवाली, मधोमध काळपट तपकिरी टोक, आणि टर्मिटोमायसिस हाइमीच्या दांड्यावरही चांगलं जाड कडं असतं. म्हणजे वरून, लांबून, फोटोतून बघितलं तर शहरातल्या माणसाला दोन्ही एकच. ज्याने लहानपणापासून रानातली काढून आणलेली बघितलीत त्याला फरक कळतो, पण आता काढणारा वेगळा, विकणारा वेगळा, खाणारा तिसराच.

बागायत_सांगे:

बरं केलंत धागा काढलात. आमच्याकडे सांग्याच्या बाजूला अजून म्हातारी माणसं बरोबर असल्याशिवाय पोरांना अळमी काढायला सोडत नाहीत. रोयण म्हणजे सांतेरी देवी, तिथे जाऊन ओरबाडायचं नाही, दांड्याला खाली धरून हळू फिरवत काढायचं, आणि कळ्या ठेवायच्या, हे शिकवूनच पाठवतात. आम्ही फक्त रोयणीवरची घेतो, बाकी कशाला हात लावत नाही. पण एक विचारतो, आमच्या घरी पद्धत अशी की उलटं करून बघायचं, पापुद्रे पांढरे असले तर घ्यायचं आणि हिरवे, काळे असले तर टाकायचं. ही पद्धत पुरत नाही काय?

रानमाती:

नाही पुरत, आणि धाग्याला नाव त्यामुळेच तसं दिलंय. मॉलिब्डायटीसचे पापुद्रे हिरवे होतात ते पिकल्यावर. कळी अवस्थेत, छत्री अर्धी उघडलेली असताना, अगदी पूर्ण उघडल्यावरही काही वेळ ते पांढरेच असतात. आणि माणसं काढतात कधी, तर कोवळं असताना, कारण तेव्हाच ते चांगलं लागतं. म्हणजे ज्या वेळी काढलं जातं नेमकं त्याच वेळी ही परीक्षा फसते. हिरवं दिसलं तर टाका हे शंभर टक्के बरोबर, पण पांढरं दिसलं म्हणून घ्या हे चूक.

तुमची रोयणीची अट चांगली आहे पण तिच्यातही दोन फटी आहेत. वाळवीचं घर दर वेळी वर दिसतंच असं नाही, जमिनीखालीही असतं, त्यामुळे कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, सपाट जमिनीवर खरी अळमी येतात आणि माणसं म्हणतात की बघा, रोयणीशिवायही येतात. तिथून मग लॉनवरच्यावर विश्वास बसायला वेळ लागत नाही. आणि उलट बाजूने, रोयणीच्या अंगाला गवत आणि पाचोळा असेल तर तिथे दुसरं काहीही उगवू शकतं.

जास्त भरवशाची खूण खाली असते, मातीत. टर्मिटोमायसिसचा दांडा जमिनीपाशी संपत नाही, तो मुळासारखा निमुळता होत खाली जातो, कधी वीतभर कधी हातभर, थेट वाळवीच्या बुरशीच्या पोळ्यापर्यंत. अळमं खेचलं की ते मूळ तुटतं, म्हणून बाजूची माती काडीने सोडवत जायला लागतं. पावसात भिजलेली तांबडी माती त्याला चिकटलेली असते, धुतल्यावर ते मूळ वरच्या भागात पांढरं आणि खाली काळपट होत गेलेलं दिसतं. मॉलिब्डायटीसला असलं काही नाही, दांडा खाली थोडा फुगतो आणि तिथेच संपतो. छत्रीच्या मधलं टोकही बघा, टर्मिटोमायसिसचं टणक आणि टोकदार असतं कारण माती फोडून वर यायला तेच लागतं, मॉलिब्डायटीसचा नुसता तपकिरी पापुद्रा असतो आणि नखाने सुटतो.

मात्र टर्मिटोमायसिस मायक्रोकार्पस नावाची बारीक बारीक, शेकड्याने उगवणारी अळमी आहेत, वाळवीने पोळ्याचा चुरा बाहेर आणून टाकला की त्यावर येतात, त्यांना लांब मूळ नसतं. म्हणून "मूळ नाही तर टर्मिटोमायसिस नाही" असा सरसकट नियम करू नका. मोठ्या छत्रीच्या अळम्यांपुरता तो धरा.

पर्वरीतली_आई:

आमच्या सोसायटीच्या लॉनवर आत्ता हीच आलीत, गोल रिंगण करून!! मुलं त्यांना लाथ मारत खेळतात, एकाने हातात घेऊन घरी आणलं. हात लावून विष लागतं का? आणि कुत्र्यांचं काय? आणि आई म्हणते लसणीची पाकळी टाकून शिजवायचं, लसूण काळी पडली तर विषारी, हे खरं का?

रानमाती:

हात लावून काही होत नाही, साबणाने हात धुवा, पुरे. पोटात जाता कामा नये एवढंच. अगदी लहान पोरं, जी काहीही तोंडात घालतात, ती खेळत असतील तर सकाळी उठल्या उठल्या उपटून कचऱ्यात टाका, परत येतील, परत टाका, खालची बुरशी मातीत पसरलेली असते आणि ती बाहेर बाहेर वाढत जाते म्हणून रिंगण दिसतं. त्यासाठी फवारण्या करत बसू नका, पाऊस सरला की आपोआप थांबतात. कुत्र्यांनाही बाधतं, फिरायला नेताना लक्ष ठेवा.

लसूण, हळद, तांदूळ, चांदीचं नाणं, ह्यातलं एकही खरं नाही. कुठल्याच अळंबीच्या विषाने लसूण काळी पडते असं नाही. किडे खातात म्हणजे माणसाला चालतं हेही नाही, गोगलगाई विषारी अळंबी आरामात खातात. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा आणि हे मात्र नक्की सांगा.

आणि मोबाइलवरची अ‍ॅप. फोटो काढला, अ‍ॅपने नाव सांगितलं, झालं, असं करू नका. पापुद्र्यांचा रंग, बीजाणूंचा रंग, मातीतला भाग ह्यातलं काहीच वरून काढलेल्या फोटोत नसतं.

बीजाणू:

वर्गीकरणाबद्दल धाग्याच्या नावात लिहिलंत आणि मग एका वाक्यात उरकलंत, म्हणून मी भर घालतो, कारण ह्या प्रजातीची गोष्ट खरंच वाचण्यासारखी आहे.

मॉलिब्डायटीसचं पहिलं वर्णन १८१८ चं, मायर नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दक्षिण अमेरिकेतल्या एसेक्विबो भागातल्या वनस्पतींवर लिहिलं त्यात. तेव्हा पापुद्रेवाली झाडून सगळी अळंबी अगॅरिकस ह्या एकाच प्रजातीत कोंबायची रीत होती, त्यामुळे नाव अगॅरिकस मॉलिब्डायटीस. मग पुढच्या काळात बीजाणूंच्या रंगावरून विभागणी सुरू झाली, पांढरे, गुलाबी, तपकिरी, काळे. ह्या चौकटीत हिरव्या बीजाणूंचं अळंबं बसेना, म्हणून १८९८ मधे जॉर्ज मॅसी ह्या इंग्रज तज्ज्ञाने क्लोरोफायलम ही वेगळी प्रजाती केली. आणि ज्या जातीवर ती उभी केली तिला त्याने नाव दिलं क्लोरोफायलम एस्क्युलेंटम, एस्क्युलेंटम म्हणजे खाण्याजोगं! ते एस्क्युलेंटम म्हणजे दुसरं काही नसून मॉलिब्डायटीसच, हे नंतर ठरलं. म्हणजे ज्याच्यासाठी आज एवढा धागा चाललाय त्याला शास्त्राच्या पुस्तकात एकदा खायचं म्हणून लिहून ठेवलेलं होतं.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं व्याख्या तीच, हिरवे बीजाणू म्हणजे क्लोरोफायलम. मोठी, खवल्यांची, पण पांढऱ्या बीजाणूंची सगळी मॅक्रोलेपिओटा ह्या दुसऱ्या प्रजातीत. मग डीएनए बघायला सुरुवात झाली आणि घडी विस्कटली. युरोपातलं मॅक्रोलेपिओटा रॅकोडिस, पांढऱ्या बीजाणूंचं, कापलं की लालसर होणारं, ते मॅक्रोलेपिओटातल्या भावंडांपेक्षा मॉलिब्डायटीसच्या जास्त जवळचं निघालं. एल्सा वेलिंगा ह्या डच संशोधक बाईंनी २००२ मधे ते आणि आणखी काही जाती क्लोरोफायलममधे आणल्या. त्याहून मोठा धक्का म्हणजे एंडोप्टायकम अगॅरिकॉइडिस, ज्याची छत्री कधी उघडतच नाही, बटाट्यासारखी बंद राहते आणि आत बीजाणू पिकतात, तेही ह्याच घरातलं निघालं.

इथे एक कायदेशीर पेच आला तो मला फार आवडतो. एंडोप्टायकम हे नाव १८४५ चं, क्लोरोफायलम १८९८ चं, आणि नामकरणाचा नियम असा की दोन प्रजाती एक झाल्या तर जुनं नाव राहतं. म्हणजे जगभर विषबाधेच्या पुस्तकांत छापलेलं नाव पुसून सगळ्यांना एंडोप्टायकम म्हणायची वेळ आली असती. म्हणून वेलिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००२ मधेच क्लोरोफायलम नाव राखून ठेवावं असा रीतसर प्रस्ताव मांडला. २०१८ मधे गे आणि इतरांनी अनेक जनुकं एकत्र तपासून प्रजातीचे सहा विभाग केले.

आता माझा मुद्दा. रानमाती, तुम्ही "विषारी प्रजाती" ह्या अंगाने लिहिताय पण रॅकोडिस युरोपात कित्येक लोक खातात. मग प्रजाती विषारी म्हणायची की जाती?

रानमाती:

बीजाणू बाब, फारच सुंदर लिहिलंत, देव बरें करूं. मला एवढं जमलं नसतं.

तुमच्या मुद्द्याचं उत्तर, शास्त्राच्या हिशोबाने जाती विषारी. पण रॅकोडिस खाणाऱ्यांतही काहींचं पोट बिघडतं हे तिथल्याच पुस्तकांत लिहिलेलं असतं, आणि आपल्या गोव्यात कोणी दारातलं अळमं हातात घेऊन हे रॅकोडिस की मॉलिब्डायटीस की त्याच प्रजातीतलं हॉर्टेन्स असा निवाडा डोळ्यांनी करू शकणार आहे का? नाही ना. तर स्वयंपाकघरापुरती अख्खी प्रजाती विषारी धरायची, मी ह्यावर ठाम आहे.

आणि तुमच्या गोष्टीतूनच मला जे म्हणायचंय ते जास्त स्पष्ट होतं. बीजाणूंचा रंग प्रजाती ठरवतो असं तज्ज्ञ शंभर वर्षं धरून चालले होते आणि एकाच प्रजातीत हिरवे पांढरे दोन्ही निघाले. सूक्ष्मदर्शक घेऊन बसलेल्यांना एका रंगावर भागलं नाही, मग आपण पातेल्यावर उभं राहून पापुद्र्याच्या रंगावर घरच्यांचं जेवण कसं ठरवायचं?

बीजाणू:

मान्य. स्वयंपाकघरापुरती प्रजाती, हे पटलं. पण एक सांगतो म्हणजे कोणी उलटं समजणार नाही, एका कुलातली म्हणजे सारख्याच विषाची असंही नसतं. त्याच अगॅरिकेसी कुलात लेपिओटा प्रजाती आहे, दिसायला क्लोरोफायलमची लहान आवृत्ती, बोटभर उंचीची, खवल्यांची, आणि तिच्यातल्या काही जातींत अमाटॉक्सिन असतं, जे यकृत खलास करतं. तर "लहान आहे, ते मोठं हिरवं नव्हे" म्हणून निर्धास्त होऊ नका.

काणकोणची_सून:

अमाटॉक्सिन म्हणजे ते डेथ कॅपवालं ना? ऑस्ट्रेलियात जेवणात घालून तिघं गेली ती केस बातम्यांत होती ते? ते आपल्याकडे असतं का? आमच्या बाजूला जंगल दाट आहे, वाचून धडकीच भरली.

रानमाती:

हो, तेच विष. २०२३ मधली लिओनगाथाची घटना, डेथ कॅप म्हणजे अमानिता फॅलोइडिस. ते मूळ युरोपातलं, ऑस्ट्रेलियात युरोपातून आणून लावलेल्या ओकसारख्या झाडांबरोबर पोचलं. अमानिता ही वेगळीच प्रजाती, १७९७ ला पेर्सूनने मांडलेली, कुलही वेगळं, अमानिटेसी. बहुतेक अमानिता जिवंत झाडाच्या मुळांशी जोडून जगतात, झाडाला पाणी आणि क्षार द्यायचे आणि साखर घ्यायची. पश्चिम घाटात अमानिताच्या जाती नोंदलेल्या आहेत, केरळात तर बऱ्याच. सगळ्या मारणाऱ्या नव्हेत पण फॅलोइडी नावाच्या विभागातल्या मारणाऱ्या आहेत, पांढऱ्याशुभ्र आणि दिसायला एकदम निरागस.

घाबरू नका पण एक गोष्ट मनात पक्की करा, ती म्हणजे वेळ. क्लोरोफायलमने त्रास होतो तो जेवल्यावर तीनेक तासांच्या आत. अमाटॉक्सिनने पहिले सहा ते बारा तास काही म्हणजे काही होत नाही, कधी त्याहूनही उशीर. मग जोराच्या उलट्या जुलाब, मग एखादा दिवस माणूस सुधारल्यासारखा वाटतो, घरचे म्हणतात बरं झालं, आणि त्याच वेळी आत यकृत संपत असतं. हे विष पेशीतलं प्रथिनं बनवण्याचं काम मुळातच बंद पाडतं, शिजवून जात नाही, वाळवून जात नाही, आणि एक छत्री मोठ्या माणसाला पुरते. म्हणून रात्री अळमी खाऊन सकाळी उलट्या सुरू झाल्या तर ओवा आणि लिंबूपाणी घेत घरी बसायचं नाही, ताबडतोब हॉस्पिटल.

अजून एक, तुमच्या बाजूला काहीजण जमिनीतली गोल, फुग्यासारखी अळमी खातात. अमानिता लहान असताना पिशवीत गुंडाळलेली असते आणि बाहेरून तशीच गोल दिसते. सुरीने उभी मधून कापा. आत सगळीकडे एकसारखा घट्ट गर दिसला पाहिजे. आत छोट्या छत्रीची आणि दांड्याची आकृती दिसली तर सगळी टाकून द्या, अख्खी टोपली.

वॉर्डातली:

नर्स आहे, थोडं माझ्याकडून. पेशंट आणता तेव्हा तीन गोष्टी बरोबर आणा आणि सांगा. किती वाजता खाल्लं आणि पहिली उलटी किती वाजता, हे कागदावर लिहून. कोणी कोणी खाल्लं, ज्यांना अजून काही झालेलं नाही त्यांनाही घेऊन या. आणि उरलेलं, कच्चं असेल तर उत्तम, नाहीतर शिजलेलं किंवा कचऱ्यात टाकलेली देठं सुद्धा. कागदात गुंडाळून आणा, प्लास्टिकच्या पिशवीत दोन तासांत त्याचा चिखल होतो आणि मग कोणालाच काही ओळखता येत नाही.

घरी बोटं घालून उलटी काढायला लावू नका, मिठाचं पाणी पाजू नका. माणूस शुद्धीवर आहे आणि पोटात राहतंय तर ओआरएस घोट घोट द्या आणि १०८ ला फोन करा किंवा सरळ बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात, आणा. आणि लाजू नका हो!! अळमी खाल्ली हे सांगायला लोक लाजतात, "बाहेरचं काहीतरी खाल्लं" म्हणतात. पोट बिघडलेला माणूस आणि अळमी खाल्लेला माणूस ह्यांना आम्ही वेगळं बघतो, त्यांचं रक्त पुन्हा पुन्हा तपासायला लागतं.

म्हापसा_बाजार:

हे सगळं वाचून माणसं बाजारातल्या बायकांकडून घ्यायचं बंद करतील अशी भीती वाटते. रानातून आणून विकणाऱ्या बायका पिढ्यान् पिढ्या हेच करतात, त्यांच्याएवढं कोणाला कळतं?

रानमाती:

तुमच्याशी शंभर टक्के सहमत. ज्या बाईने स्वतः काढून पानात बांधून आणलीत, जी सांगते की अमक्या गावच्या रोयणीवरची आहेत, तिच्याकडचीच घ्या, माझा भरवसा तिच्यावर अ‍ॅपपेक्षा कितीतरी जास्त आहे. फक्त मूळ असलेली मागा. देठ अर्ध्यात कापलेली, छत्र्या सुट्या केलेली, कोणी कुठून आणली ते विकणाऱ्यालाच माहीत नाही अशी रस्त्याकडेला असतील तर सोडा.

ह्याच्यामागे दुसरंही एक दुखणं आहे. भाव चढला की कळ्याच खुडून आणतात, छत्री उघडून बीजाणू पसरायच्या आधीच. टर्मिटोमायसिसची व्यापारी शेती अजून कोणाला जमलेली नाही, ते वाळवीलाच जमतं, त्यामुळे रोयण मोडली की अळमी गेली. गोवा विद्यापीठाच्या नंदकुमार कामतांनी आपल्याकडच्या टर्मिटोमायसिसवर वर्षानुवर्षं काम केलंय आणि हे पुन्हा पुन्हा लिहिलंय. आणि खरी अळमी कमी झाली, महाग झाली की मगच माणूस लॉनवरच्या फुकटच्याकडे बघतो. दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेत. अभयारण्यातून तर काढायचीच नाहीत, कायद्याने बंदी आहे.

बागायत_सांगे:

पटलं. कळ्या ठेवायच्या हे आमच्या म्हाताऱ्यांचं बरोबरच होतं म्हणायचं. पापुद्र्याची परीक्षा मात्र घरी आजच सांगतो.

पर्वरीतली_आई:

मुलांना शाळेच्या प्रोजेक्टसाठी बीजाणूंचा छाप काढायचाय, कसा काढायचा? आणि समजा छाप गुलाबी आला तर ते टर्मिटोमायसिस म्हणजे खायचं, बरोबर?

बीजाणू:

छाप काढणं सोपं आहे. पूर्ण उघडलेली छत्री घ्या, कळी चालत नाही कारण ती बीजाणू सोडत नाही. दांडा छत्रीला लागून कापा. अर्धा पांढरा अर्धा काळा असा कागद घ्या, छत्री त्यावर पापुद्रे खाली करून अशी ठेवा की निम्मी पांढऱ्यावर निम्मी काळ्यावर, वरून वाडगं पालथं घाला आणि रात्रभर हात लावू नका. सकाळी उचला, पापुद्र्यांच्या रेघा जशाच्या तशा उमटतात, मुलांना जाम आवडतं. मॉलिब्डायटीसचा छाप मळकट हिरवा, अमानिताचा पांढरा, बटण मशरूमच्या भावंडांचा गडद चॉकलेटी, टर्मिटोमायसिसचा फिकट गुलाबी. लगेच उजेडात बघा, हिरवा रंग ताजा असतानाच नीट कळतो.

पण गुलाबी म्हणून खायचं नाही!! एंटोलोमा नावाची मोठी प्रजाती आहे, तिचाही छाप गुलाबी, आणि तिच्यातल्या कित्येक जाती विषारी आहेत. छाप शिकण्यासाठी आहे, त्याने जेवण ठरवू नका.

रानमाती:

आणि छाप काढलात तर तो फेकू नका. कागदावर जागा, तारीख, गवतात की रोयणीवर की झाडाखाली, दांडा कापल्यावर रंग बदलला का, मातीत मूळ होतं का, एवढं पेन्सिलने लिहा, शाई दमटपणात पसरते. अळमं उभं चिरून पंख्याखाली कडक वाळवा, कागदी पाकिटात घाला, छाप त्याच्याबरोबर. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा पुण्याच्या आघारकर संस्थेत दाखवायचं झालं तर असाच नमुना उपयोगी पडतो, नुसत्या फोटोवरून तेही काही सांगू शकत नाहीत. पर्वरीतल्या लॉनवरचा छाप आला की इथे टाका, रंग बघूया.